बारा वाजेपर्यंतचं मौन

सत्तावीस देशांच्या त्या कुटुंबात गप्प बसणं हेसुद्धा एक बोलणंच असतं. ब्रसेल्सहून एखाद्या परदेशी भानगडीवर सगळ्यांच्या वतीने काढायच्या निवेदनाचा मसुदा येतो, खाली एक वेळ लिहिलेली असते, आणि त्या वेळेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही तर मसुदा सगळ्यांना पसंत आहे असं धरून चालतात. कामकाजाच्या भाषेत ह्याला 'मौन' म्हणतात. एखाद्या देशाने हरकत घेतली की 'मौन मोडलं', आणि मग उरलेल्या सव्वीसांची गाडी जागच्या जागी थांबते. माल्टासारख्या बोटभर देशाच्या हातात एवढा मोठा ब्रेक दिलेला आहे. अर्थात तो दाबायचा नसतो, असं तिथल्या परराष्ट्र खात्याचे संचालक डॉक्टर एडगर क्रेमोना ह्यांचं मत होतं. त्यांच्या दोन वर्षांत माल्टाने एकदाही मौन मोडलं नव्हतं आणि ही गोष्ट ते जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना सांगत.

त्या रविवारची पाळी त्याच खात्यातल्या साल्विना मर्चीयेकाने मागून घेतली होती. घरी बसून करायचं काय? तिचा बाप विस्टिन आणि त्याचे पाच खलाशी एकोणीस दिवसांपासून समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर अडकून पडले होते. तिकडच्या गस्तीबोटीने त्यांची 'सान गिरगोर' तलवारमाशाच्या जाळ्यांसकट पकडली होती, जाळी कापून टाकली होती, आणि बोट बंदरात नेऊन बांधली होती. मार्साश्लोक गावात साल्विनाची आई रोज सकाळी धक्क्यावर जाऊन रिकामी जागा बघून येई आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नसे.

दहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर मसुदा आला. मौन: आज दुपारी बारापर्यंत.

साल्विनाने पहिली ओळ वाचली आणि ती खुर्चीतून उठलीच. बापाची बातमी होती! सहा माल्टेकर मच्छीमारांसाठी सत्तावीस देश एका आवाजात बोलणार होते. तिने दुसरी ओळ वाचली आणि ती परत खाली बसली. 'पकडलेल्या सहा जणांना आजच संपवून टाकू, ही तिथल्या बंदरप्रमुखाने आज पहाटे रेडिओवर दिलेली धमकी अमानुष आहे,' असं लिहिलं होतं. पुढे त्याला युरोपात पाऊल ठेवायला बंदी, त्याच्या बंदराची मदत बंद, आणि कडक शब्दांची एक लांबलचक माळ.

संपवून टाकू. आजच.

मसुद्याला एक जोडपत्र होतं. जोडपत्र कुणी उघडत नाही, ते असतं एवढंच पुरे असतं. साल्विनाने ते उघडलं. आत त्या रेडिओवरचा अकरा सेकंदांचा आवाज होता, जाडा, घोगरा, बहुतेक तोंडात सिगारेट धरलेला. "त्या सहा जणांना आम्ही लियूम नखल्सूहुम," आवाज म्हणाला, "आणि विषय संपला."

तिने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. आणि त्या रिकाम्या कचेरीत, संतांच्या तसबिरीखाली, ती एकटीच खदखदून हसायला लागली.

'नखल्सूहुम' ह्या शब्दाचं असं आहे, की आपल्या मराठी कानालाही तो 'खल्लास'चा भाऊ वाटतो, आणि तो आहेही. पूर्वेकडच्या अरबीत तो माणसं संपवतो. ज्या कुठल्या वृत्तसंस्थेने भाषांतर केलं तिचा माणूस तिकडेच शिकलेला असणार. पण समुद्रापलीकडच्या त्या किनाऱ्यावर आणि माल्टात हाच शब्द निमूट दुकानात जातो आणि पैसे चुकते करतो. वाण्याला 'हाल्लस', बसवाल्याला 'हाल्लस', केस कापणाऱ्याला 'हाल्लस'. 'इल्युम इन्हाल्सुहोम' हे साल्विना शेंबडी असल्यापासून ऐकत आली होती. दर शनिवारी तिचा बाप धक्क्यावर खलाशांकडे बघून तेच म्हणायचा: आज ह्यांचे पैसे देऊन टाकू.

बंदरप्रमुख कापलेल्या जाळ्यांची भरपाई द्यायला निघाला होता! आणि सत्तावीस देश त्याला खुनी म्हणणार होते. तो माणूस किती खुनशी आहे हे मार्साश्लोकमध्ये पोरंही सांगतील. मागे कुणीतरी त्याला समुद्री लुटारू म्हटलं, तर त्याने दुसऱ्याच एका देशाची बोट आठ महिने धक्क्याला बांधून ठेवली होती. हे निवेदन बारा वाजता बाहेर पडलं की भरपाई गेली, बोट गेली, आणि बाप कधी परत येईल ते सांगायला संतसुद्धा पुढे यायचे नाहीत.

तिने क्रेमोनांना फोन केला. ते स्लीमाहून अर्ध्या तासात आले, अंगावर रविवारचा फिकट सूट. स्लीमाच्या ह्या बड्या घरांतून इंग्रजी बोलतात, माल्टी वापरतात ती प्लंबरशी. त्यांनी मसुदा वाचला, समाधानाने मान डोलावली.

"उत्तम. आपल्याच लोकांसाठी आहे. गप्प बसायचं."

"डॉक्टर, भाषांतर चुकलंय. तो पैसे देतो म्हणतोय." तिने आवाज लावला.

"हे अरबी आहे."

"कान तर द्या! नखल्सूहुम. प्लंबरचं काम झालं की तुम्ही त्याला काय म्हणता?"

क्रेमोनांच्या भुवया वर गेल्या. "म्हणतो की... हाल्लस करतो." त्यांनी सूटची बाही झटकली. "योगायोग असेल."

"योगायोग? आपली भाषा त्याच किनाऱ्यावरून आलीये!"

"साल्विना, बस जरा." आवाज मऊ झाला, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुझा बाप तिकडे आहे. तुला जे ऐकायचंय तेच तू ऐकणार. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच ऐकलं असतं. पण उद्या काय होईल? आपल्या सहा माणसांसाठी सव्वीस देश उभे राहिले आणि आपणच म्हणालो, नको! आणि तो शब्द जर खरंच 'संपवू' असेल, तर?"

तो 'तर' तिच्याही मनात होताच. तिने फक्त त्याच्याकडे पाठ केली होती.

"मौन मोडायचा अधिकार मंत्र्यांना आहे," क्रेमोना म्हणाले. "त्यांनी मला स्वतः सांगितलं तर मोडतो. तुझ्या शब्दावर नाही."

मंत्री रोझारियो ताबोने फ्लोरियानाचे. आणि आज फ्लोरियानात गावच्या संताचा, सान पब्लियूचा सण, सकाळची मिरवणूक! मंत्र्यांचा फोन वाजून वाजून बंद पडला. सणाच्या दिवशी फ्लोरियानात प्रत्यक्ष सान पब्लियूने फोन केला असता तरी कुणी उचलला नसता.

अकरा वाजून अठरा मिनिटं. साल्विनाने सँडल काढून टेबलाखालचे पळायचे बूट चढवले.

"क्रेमोनासाहेब, मेल लिहून ठेवा. मी फोन चालू ठेवते. मंत्र्यांचं बोलणं तुम्ही तुमच्या कानाने ऐका."

"अगं पण..."

पण ती जिन्यात होती.

व्हॅलेटाच्या उतारावरून, वेशीतून, कारंज्याला वळसा घालून ती जी सुटली ती थांबलीच नाही. आईस्क्रीमवाले, जहाजावरून उतरलेले पाहुणे, प्रार्थना संपवून निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना चुकवत. एक म्हातारी ओरडली, "बिन्ती, अगं पोरी, नवरा पळाला का?" साल्विना धापा टाकत म्हणाली, "बाप आणायला चाललेय!" आणि आपण हे मोठ्याने बोललो ह्याने तिच्या अंगात आणखी बळ आलं.

फ्लोरियानाच्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गच्च्यांवरून रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, बँड कानठळ्या बसवत होता, बिअरने भिजलेली पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून नाचत होती, आणि मधूनच आकाशात बार फुटला की छातीत धडकी भरत होती. चौकात बँडच्या क्लबाचा ट्रक उभा होता, वर कपाटाएवढे स्पीकर. आणि त्या ट्रकवर, गळ्यात रुमाल, डोक्यावर कागदी मुकुट, घामाने चिंब, गावकऱ्यांचा लाडका झारू, म्हणजेच माल्टाचे परराष्ट्रमंत्री, ढोल बडवत होते.

साल्विना कोपरं मारत पुढे सरकली आणि चाकावर पाय देऊन वर चढली. अकरा चाळीस.

"मंत्रीसाहेब!"

"अरे, आमच्या खात्याची पोरगी! नाच, बिन्ती, नाच!"

"ब्रसेल्सचं मौन! बारा वाजता संपतंय!"

"काय संपतंय? बिअर?"

तिने त्यांच्या हातातली ढोलाची काठी काढून घेतली. मंत्र्याच्या हातातून. पुढे कितीतरी दिवस तिला ते आठवून घाम फुटे. मग त्यांच्या कानाला तोंड लावून तिने सगळं सांगितलं: मसुदा, शब्द, भाषांतर, क्रेमोना. ताबोनेंच्या चेहऱ्यावरचा सण हळूहळू उतरला. माणूस ढोल वाजवणारा असला तरी बिनडोक नव्हता.

"आणि फोनवर एडगर आहे?"

"ऐकतायत." तिने फोन वर धरला. "मंत्रीसाहेब, आपण गप्प राहायचं का?"

ताबोनेंनी हनुवटी वर उडवली आणि जिभेने 'त्च' केलं.

माल्टात आईच्या दुधाबरोबर शिकलेलं असं हे 'नाही' आहे. ह्याच्यापेक्षा ठाम 'नाही' भाषेत नाही. साल्विनाने आनंदाने उडीच मारली.

"ऐकलंत, डॉक्टर? नाही म्हणाले!"

फोनमधून क्रेमोनांचा बारीक आवाज आला. "मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त ट्रंपेट."

"त्यांनी त्च केलं!"

"मग मी सव्वीस देशांना काय लिहू? माल्टाने त्च केलं? आणि कशाला त्च? गप्प राहायला, की मौन मोडायला?"

"मंत्रीसाहेब, तोंडाने सांगा ना! मौन मोडायचं नाही का? म्हणजे, गप्प नाही ना राहायचं?"

"नाही," मंत्री म्हणाले.

"नाही म्हणजे कुठलं नाही?" फोन किंचाळला.

अकरा सेहेचाळीस. ताबोनेंनी कागदी मुकुट काढला, कपाळ पुसलं. आणि आता, नेमकं आता, त्यांच्यातला मंत्री जागा झाला.

"थांब, बिन्ती. आपल्या माणसांच्या बाजूने निघालेला कागद मी अडवला, आणि संध्याकाळी त्या सहा जणांना काही झालं, तर उद्या ह्याच रस्त्यावर लोक माझ्यावर बाटल्या फेकतील. आणि बरोबर करतील. तू विस्टिनची मुलगी. तुझं मन खोटं बोलत नाही, पण तुझे कान बोलू शकतात."

पुन्हा तेच! साल्विनाला रडू फुटायच्या बेतात होतं. तिने त्या गर्दीकडे पाहिलं. हजार तोंडं, दोन हजार कान. आणि एकालाही ह्यातलं काही माहीत नाही.

"मग माझे कान नका घेऊ," ती म्हणाली. "ह्यांचे घ्या."

मंत्र्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, त्यांनी बँडकडे हात फिरवला आणि गळा फाडून ओरडले, "नेनू! बंद कर!"

नेनू हा बँडचा सर्वांत म्हातारा क्लॅरिनेटवाला, वय बहात्तर, चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेला. सणाच्या सकाळी बँड बंद करा म्हणणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण त्याने क्लॅरिनेट खाली घेतलं, आणि मागचे सगळे गप्प झाले. गर्दीतून ओरडा उठला. "काय झालं? झारूला चक्कर आली का?"

साल्विनाने ट्रकवरच्या पोराकडून माइक घेतला. "काही सांगत नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चौकभर घुमला. "फक्त ऐका. आणि हा माणूस काय म्हणतोय ते मला सांगा." "डॉक्टर, तो आवाज लावा," असं फोनमध्ये म्हणून तिने फोन माइकला लावला.

अकरा सेकंद. घोगरा आवाज, तोंडात सिगारेट. कपाटाएवढ्या स्पीकरांतून तो सगळ्या फ्लोरियानावर पसरला. "त्या सहा जणांना आम्ही लियूम नखल्सूहुम, आणि विषय संपला."

साल्विना एकेका तोंडाकडे बघू लागली.

मग नेनू, कानामागे तळहात धरून, चिडून म्हणाला, "पैसे देतो म्हणतोय की! आज देतो म्हणतोय. ह्यासाठी बँड बंद पाडला?"

आणि चौक फुटला. "पैसे देतो म्हणतोय!" "कोण देतोय?" "सहाच जणांना का रे, सातवा मी!" "झारू, ह्याला मंत्री कर, तू तर काही देत नाहीस!" गच्चीवरच्या बाया ओरडत होत्या, पोरं तालावर म्हणायला लागली, "इल्युम! इन्हाल्सुहोम!" आणि ढोलवाल्याने लगेच त्याच्यावर ठेका धरला. पाहता पाहता सगळा रस्ता त्या शब्दावर नाचू लागला. साल्विना हसत होती, रडत होती, तिला दोन्हींत फरक करता येत नव्हता.

मंत्र्यांनी तिच्या हातून फोन घेतला.

"एडगर. ऐकलंस?"

"ऐकलं," क्रेमोना म्हणाले. मग घसा साफ केला. "सगळ्यांनी एकच सांगितलं."

"मोडायचं मौन. मोडायचं, मौ-न. आता कळलं?"

"कळलं."

अकरा त्रेपन्न. मेल अजून लिहिलेलाच नव्हता; फोनमधून टकटक ऐकू येऊ लागली. क्रेमोना दोन बोटांनी टाइप करतात हे साल्विनाला माहीत होतं, पण ते इतकं हळू असतं हे तिला आज कळलं. अकरा पंचावन्न. एक शिवी, अस्सल माल्टी, प्लंबरकडून शिकलेली असणार. अकरा सत्तावन्न.

"डॉक्टर!"

"'माल्टा' हे मोठ्या अक्षरात लिहायचं असतं. थांब."

आणि चर्चच्या घंटांनी बाराचे टोले द्यायला सुरुवात केली, सणाचे बार एकामागून एक आकाशात फुटले, आणि फोनमधून काहीएक ऐकू येईना. साल्विनाने एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला फोन दाबला. धूर ओसरेपर्यंत तिला काही कळलं नाही.

"...अकरा अठ्ठावन्नला गेलं," क्रेमोना सांगत होते, बहुधा पाचव्यांदा. "साल्विना? गेलं. मोडलं आपण. माझी दोन वर्षं गेली." आणि मग, अगदी हळू, "बरं वाटतंय."

आनंद कचेरीत परतेपर्यंत टिकला. तिथे फोनांची रांग लागली होती. एका राजधानीने विचारलं, तुमच्याच माणसांसाठी होतं ना? दुसरीने विचारलं, ह्याच्या बदल्यात तुम्हाला हवंय काय? क्रेमोना सगळ्यांना तेच उत्तर देत होते, अतिशय सुंदर इंग्रजीत: जोडपत्र उघडा, आणि भाषेच्या जाणकाराला ऐकवा. मसुदा थांबला होता. आता जे काही व्हायचं ते समुद्रापलीकडे व्हायचं होतं.

साल्विना खिडकीशी बसली. पळताना नव्हती ती भीती आता आली. हजार लोकांनी एक शब्द ओळखला, पण त्या माणसाचं मन कुणी ओळखलं होतं? 'आणि विषय संपला,' असंही तो म्हणाला होता. ते चौकात कुणी विचारलंच नाही. एक वाजला. दोन वाजले. क्रेमोनांनी स्वतः खाली जाऊन चीज भरलेल्या गरम पास्तीत्सी आणल्या, एक तिच्यापुढे ठेवली. ती तशीच निवली. आज जर बापाला काही झालं, तर ते थांबवणारा कागद मी थांबवला, मी, ह्या हातांनी. हा विचार ती पुन्हा पुन्हा झटकत होती आणि तो पुन्हा येऊन बसत होता.

तीन चाळीसला तिचा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"साल्विन? ऐकू येतंय का?"

"पा!"

"ओरडू नकोस, इथे सगळे बघतायत. निघतोय आम्ही. बोट दिली. आणि हाल्लसना, पैसे दिले त्या घोगऱ्याने. जाळ्यांचे दिले, बर्फाचे दिले, डिझेलचे नाही दिले. मी म्हटलं डिझेलचे? तर म्हणतो, विषय संपला. तू सरकारात आहेस ना? तुझ्या त्या सत्तावीस देशांना जरा सांग, डिझेलचं बघा म्हणावं."

साल्विनाला बोलायचं होतं. सकाळपासून ती हजार माणसांपुढे बोलली होती, मंत्र्याच्या हातातून काठी काढून घेऊन बोलली होती. आता तोंडातून एक अक्षर फुटेना. टेबलापलीकडे क्रेमोना लेखणी खाली ठेवून तिच्याकडे बघत होते.

"अगं, गप्प का?" पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "साल्विन? रडतेस की काय?"

गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने हनुवटी वर उडवली आणि जिभेने 'त्च' केलं.

"बरं, नाही तर नाही," समुद्रापलीकडून विस्टिन म्हणाला. "आईला सांग, उद्या सकाळी धक्क्यावर जायचंच आहे तर येताना माझे कोरडे मोजे घेऊन ये म्हणावं."